हात वर!

संध्याकाळी साडेसहा वाजले की सर्व्हरच्या केबिनचं दार उघडायचं, आण्णा उंबऱ्यात उभे राहायचे आणि म्हणायचे, "हात वर!"

आम्ही सगळे कीबोर्डवरून हात उचलायचो. नवीन आलेला माणूस पहिल्या दिवशी दचकून दोन्ही हात पार डोक्यावर न्यायचा. मीही नेले होते. आण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "एवढं वर न्हाई गं. दरोडा न्हाई घालायचा, बॅकअप घ्यायचाय."

कुणी टाइप करत असेल तर ती फाइल उघडी राहते आणि उघड्या फाइलची नक्कल होत नाही, एवढाच त्यामागचा अर्थ. तशी सूचना भिंतीवर चिकटवता आली असती. पण आण्णांचा सूचनांवर विश्वास नव्हता. त्यांना हात दिसायला हवे असायचे. एकेका टेबलावरून नजर फिरवून ते आत जायचे, दार ओढून घ्यायचे, आणि आम्ही डबे आवरून आपापल्या गाड्यांकडे वळायचो.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल. त्याचं नेमकं पद कुणाला सांगता येत नाही, पण तो एक दिवस आला नाही तर सगळे एकमेकांची तोंडं बघतात. कुपवाडच्या आमच्या कारखान्यात पंपांचे सुटे भाग तयार होतात. आण्णा तिथे लागले ते स्टोअरकीपर म्हणून. मी विश्रामबागेतलं कॉलेज संपवून ड्रॉइंगच्या टेबलावर बसायला लागले, तोवर स्टोअर दुसऱ्या कुणाकडे गेलं होतं आणि आण्णा जिन्याखालच्या केबिनमध्ये सर्व्हर सांभाळत होते.

"पुराच्या वर्षी आपलं ऑफिस गावात हुतं," ते चहाच्या वेळी सांगायचे. "पाणी चढाय लागलं तसं आमी मशीन उचलून माडीवर नेलं. मशीन वाचलं, पण आपला कॉम्प्युटरवाला भिऊन नोकरी सोडून गेला. जाताना त्यानं एकदा बॅकअप घेतला आन मी मागं उभा राहून बघितलं. तेवढंच चुकलं बघ."

त्या केबिनमध्ये ऑफिसातला सगळ्यात गार एसी होता. त्यामुळे उन्हाळ्यात कुणाचा वाढदिवसाचा केक, कुणाचं श्रीखंड तिथे ठेवण्यासाठी आण्णांच्या विनवण्या व्हायच्या. डिस्पॅचचा सुहास एकदा मासे घेऊन आला. "आण्णा, तासभरच." आण्णा म्हणाले, "ठेव की. उद्या मालकांनी बिलाची फाइल उघडली आन वास आला तर तुझं नाव सांगतो."

डिस्क दोन होत्या. एकीला लाल पट्टी, एकीला हिरवी. आज लाल डिस्कवर नक्कल घेतली की ती आण्णांच्या डब्याच्या पिशवीतून त्यांच्या विश्रामबागेतल्या खोलीवर जायची आणि उद्या हिरवी. एक कायम कारखान्याबाहेर. पूर येवो, आग लागो, चोरी होवो, एक प्रत वाचलीच पाहिजे. खोलीवर ती ज्वारीच्या डब्यात असायची, दाण्यांच्या आत, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. "चोर कपाट फोडतो, ज्वारी कोण चिवडत बसतंय?" असं त्यांचं म्हणणं. सकाळी ते पिशवी टेबलावर ठेवायचे तेव्हा एखादा दाणा कुठूनतरी घरंगळायचाच.

आण्णांचं घर मात्र ती खोली नव्हतं. घर कुंडलच्या पुढे होतं. तिथे त्यांची द्राक्षबाग होती आणि ती बाग त्यांच्या मंडळी एकट्या सांभाळत होत्या. कुंडल काही फार लांब नाही, मोटरसायकलवर माणूस रोज जाऊन येईल. पण मालकांची अट होती की डिस्क सांगलीबाहेर न्यायची नाही, मागितली की लगेच हजर करायची. म्हणून आण्णा सुट्टीच्या दिवशी सकाळी जायचे आणि दिवस कलायच्या आत परत यायचे, लहान मूल शेजारी ठेवून आलेल्या बाईसारखे. लग्न असो, बारसं असो, मुक्काम कधी नाही.

"दुसऱ्या कुणाकडं द्या की साहेब," ते वर्षातून एकदा मालकांना म्हणायचे.

"कुणाकडं देऊ? सगळा धंदा आहे त्या डिस्कमध्ये. तुम्ही घरचे आहात आण्णा."

इंटरनेटवर ठेवा असंही कुणीतरी सुचवलं होतं. मालक म्हणाले, आपली ड्रॉइंगं, आपले रेट, आणि ठेवायचे कुणाच्या घरी, तर ज्याचं तोंड बघितलं नाही त्याच्या? त्यापेक्षा आण्णांची ज्वारी बरी.

तेव्हा आण्णा केबिनमध्ये परत यायचे आणि म्हणायचे, "पुढच्या छाटणीला घरी." द्राक्षाची फळछाटणी दसऱ्याच्या आसपास चालते. असे किती दसरे गेले ते मला ठाऊक नाही. माझ्यासमोरच दोन गेले.

मी फारशी बोलत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, घर साताऱ्यात, सांगलीत एका काकूंकडे पेइंग गेस्ट. ऑफिसात मी काय बोलले तर त्याचं काय होईल याचा विचार करेपर्यंत विषय बदललेला असायचा. आण्णा मला "इंग्लिश मीडियम" म्हणूनच हाक मारायचे. "ए इंग्लिश मीडियम, एकोणऐंशी म्हणजे किती गं?" मी मनात मोजायला लागले की हसायचे आणि पेला पुढे करायचे. "घे, चहा घे. मोजशील सावकाश."

माझं टेबल केबिनच्या काचेला लागून होतं. न बोलणाऱ्या माणसाला दिसतं जास्त. बॅकअप संपला की आण्णा तो झाला म्हणून उठत नसत. "नेलेलं सगळेच नेत्यात," ते म्हणायचे, "परत येतंय का ते बघाय पायजे." मग ते डिस्कवरची एक फाइल उघडून बघायचे, आणि ती रोज तीच असायची. मला काचेतून हिरवा रंग दिसायचा. बऱ्याच दिवसांनी कळलं की तो फोटो आहे. द्राक्षाच्या मांडवाखाली एक बाई उभ्या आहेत, डोक्यावर पदर, हातात कात्री, आणि कुणीतरी हाक मारल्यावर बघावं तशा बघतायत. आण्णा तो क्षणभर बघायचे, मान हलवायचे आणि बंद करायचे. बॅकअप बरोबर झालेला असायचा.

एकदा मी हिंमत करून म्हणाले, "आण्णा, मला दाखवाल का कसं करतात ते?"

त्यांनी खुर्ची फिरवली. काचेपलीकडे कुणी नाही असं बघून घेतलं. "शिकू नगंस."

"का?"

"शिकलीस की अडकलीस."

ऑफिसात सगळ्यांचा समज होता की म्हातारा विद्या दाबून बसलाय. सुहास तर तोंडावर म्हणायचा, "आण्णा, वर जाताना डिस्क संगं नेणार काय?" आण्णा हसायचे, पण शिकवायचे नाहीत कुणाला. माझ्यासाठी मात्र ते एकदा पहारेकरी झाले होते.

पुण्याच्या एका कंपनीकडून माझी फोनवर मुलाखत ठरली होती. मी कुणाला सांगितलं नव्हतं. कारखान्यात शांत जागा एकच. दुपारी मी केबिनच्या दाराशी नुसती उभी राहिले आणि फोन दाखवला. आण्णांनी काही विचारलं नाही. उठले, मला आत बसवलं आणि बाहेर दाराला पाठ लावून उभे राहिले. आतून मी इंग्रजीत बोलत होते आणि बाहेर सुहासचा आवाज ऐकू येत होता.

"आण्णा, आत काय चाललंय?"

"बॅकअप."

"दुपारी कसला बॅकअप?"

"इस्पेशल."

फोन संपवून बाहेर आले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "परत येतंय काय काही?" मी मान डोलावली. पुण्याच्या लोकांनी दिवाळीनंतर भेटायला बोलावलं होतं. आण्णांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झालेला दिसला. "मग माझं बी ठरलं," ते म्हणाले. "तू पुण्याला, मी कुंडलला. दसरा झाला की साहेबांना सांगतो, नोकरीच सोडतो. ह्या येळंला छाटणीला घरी."

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. लेथ, ड्रिल, वजनकाटा, मालकांची गाडी, तपासणीचं गेज, सगळ्यांना हळदकुंकू. मालकांच्या आई, त्यांना सगळे आक्का म्हणतात, स्वतः येऊन पूजा करतात. आक्कांचा दंडक असा की ज्या हत्यारावर पोट आहे ते एकही पूजेला चुकता कामा नये, आणि पूजा झाली की दसऱ्यापर्यंत त्याला हात लावायचा नाही. हत्यारांना विश्रांती.

"आण्णा, तुमच्या दोन्ही आल्या का?" आक्कांनी विचारलं.

आण्णांनी लाल आणि हिरवी दोन्ही डिस्क पाटावर शेजारी शेजारी ठेवल्या. आक्कांनी बोटं बुडवून दोघींना हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, नारळ फोडला आणि त्याचं पाणी सगळीकडे शिंपडलं, अगदी सढळ हाताने.

मला एकदम लक्षात आलं की दोन्ही प्रती आज कारखान्यातच आहेत. बाहेर एकही नाही. मी आण्णांकडे बघितलं. ते पेढा खात होते. सांगावं असं वाटलं, पण इतक्या लोकांत कसं सांगणार. मी साताऱ्याला घरी गेले आणि दसऱ्याच्या जेवणात माझं लक्ष नव्हतं. आई म्हणाली, पुरणपोळी आवडली नाही का?

सुट्टी संपवून कामावर आलो आणि सर्व्हर सुरू होईना. सुट्टीत बंद ठेवलेली वीज परत देताना काहीतरी झटका बसला असावा. दुरुस्तीवाला आला, त्याने खोललं, हुंगलं आणि मान हलवली. "आतलं सगळं गेलंय साहेब. बॅकअप असेल ना?"

लाल डिस्क आणली. तिच्यात नारळाचं पाणी गेलं होतं. ती फिरेचना. हिरवी आणली. तिच्या खाचेत कुंकू आणि अक्षता. साफ करून लावली, तीही गप्प. मालक खुर्चीत बसले ते बसलेच. इतक्या वर्षांची ड्रॉइंगं, गिऱ्हाइकं, बिलं, सगळं. आक्का दारात उभ्या होत्या. "मी पूजाच केली फक्त," त्या कुणीही न विचारता म्हणाल्या.

आण्णा उठले. "आलो," म्हणाले आणि मोटरसायकल काढून गेले. आम्हाला वाटलं, माणूस घाबरून पळाला. पण ते परत आले ते डब्याची पिशवी घेऊन. आतून हिरव्या पट्टीची आणखी एक डिस्क निघाली आणि तिच्याबरोबर ज्वारीचे चार दाणे.

"ती पूजेची हिरवी," ते म्हणाले. "ही कामाची." मग आक्कांकडे वळले. "आवं आक्का, माफी करा. एक तर भायेर ठिवायलाच लागती. म्हणून देवापुढं दरवर्षी मी जुनी मेलेली डिस्क पट्टी लावून ठिवत हुतो."

आक्का बघतच राहिल्या. "मेलेली? आणि मी तिला दरवर्षी उदंड आयुष्य मागत होते?"

सगळ्यांना एकदम हसू फुटलं, मालकांनासुद्धा. दुसरं मशीन आणून नक्कल उतरवायला दिवस गेला. संध्याकाळी आण्णांनी सवयीने पहिली फाइल उघडली आणि मोठ्या पडद्यावर द्राक्षाच्या मांडवातल्या त्या बाई आल्या. सबंध ऑफिस मागे उभं होतं.

"आण्णा, ह्या कोण?" सुहासने विचारलं.

आण्णांचे कान लाल झाले. "ती टेस्टिंगची फाइल हाय," ते म्हणाले आणि घाईने बंद केली.

त्या आठवड्यात मालकांनी आण्णांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, फेटा. मालक भाषणात म्हणाले, "परवाच आण्णा मला म्हणाले, नोकरी सोडतो. पण या माणसानं आपला कारखाना वाचवला. असा माणूस मी सोडेन का? आता आण्णा, तुम्हाला आम्ही कुठंसुद्धा जाऊ देत नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला. सुहास मागून ओरडला, "आण्णा, हात वर!"

आण्णांनी हात वर केले. सगळे हसले, फोटो निघाले. खांद्यावर शाल, डोक्यावर फेटा, आणि पकडलेल्या माणसासारखे दोन्ही हात वर. त्यांचा चेहरा कुणी बघत नव्हतं. मी बघत होते.

कार्यक्रमानंतर मालकांनी आण्णांना आपल्या केबिनमध्ये बोलावलं. एक ड्रॉइंग सहीला न्यायचं म्हणून मीही आत होते. आण्णा जमिनीकडे बघून म्हणाले, "साहेब, मंडळींचं गुडघं गेल्यात. बाग एकटीनं न्हाई हुत आता. मला सोडाच."

मालकांनी ड्रॉइंगवर सही केली. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. "या मॅडमना शिकवा. गप्प असतात, विश्वासू आहेत. त्यांना आलं की तुम्ही मोकळे."

कमी बोलणाऱ्या माणसाला लोक विश्वासू समजतात. त्याने आपणहून काही मागितलेलं नसतं.

आण्णांनी मान वर केली नाही. "तिला न्हाई जमायचं साहेब," ते म्हणाले. "इंग्लिश मीडियमची पोरगी. तिचं काम न्हाई ते."

ते मला वाचवत होते. पुण्याची गोष्ट फक्त त्यांना माहीत होती. त्यांची स्वतःची सुटका माझ्यावरून जात होती आणि तिथे ते आडवे उभे राहिले होते, दुपारी दाराला पाठ लावून उभे होते तसेच. हे सगळं मला कळत होतं. तरी "न्हाई जमायचं" हे शब्द लागायचे तिथे लागले. आणि शालीच्या घडीवरून त्यांची बोटं नुसती फिरत होती, तीही मला दिसत होती.

"मला येतं," मी म्हणाले.

दोघांनीही माझ्याकडे बघितलं. त्या केबिनमध्ये माझा आवाज पहिल्यांदाच एवढा मोठा निघाला असेल.

"काचेतून बघितलंय रोज," मी म्हणाले. "पुढच्या खंडेनवमीपर्यंत करीन मी. तोवर दुसरं कोणी शोधा."

"बघू की," मालक म्हणाले. त्या "बघू की"चा अर्थ आण्णांना इतक्या वर्षांत पाठ झाला होता.

बाहेर आल्यावर आण्णा माझ्यावर चिडले. खालच्या आवाजात, दात आवळून. "आगाऊ! तुला सांगितलं हुतं का न्हाई? मागं उभं राहून बघितलंस व्हय? माझ्यावानीच केलंस." त्यानंतर कितीतरी दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. चहाचा पेलासुद्धा सुहासच्या हाती पाठवायचे. मी पुण्याच्या कंपनीला येऊ शकत नसल्याचं कळवलं. त्यांचं उत्तर आलं नाही, येण्यासारखं काही नव्हतंच.

दिवाळीनंतर आण्णा नोकरी सोडून कुंडलला गेले. जायच्या दिवशी पिशवी माझ्यापुढे ठेवली आणि पहिल्यांदा बोलले. "हात वर म्हणता येईल का तुला? आवाज निघंल?"

"नाही निघणार."

"मग?"

मला तेव्हा माहीत नव्हतं. पण ते जमलं. साडेसहाला मी एकेका टेबलाजवळ जाते आणि नुसती उभी राहते. समोरचा माणूस वर बघतो आणि हात उचलतो. आण्णांपेक्षा जास्त वेळ लागतो, पण कुणी हसत नाही.

मला ज्वारी विकत घ्यावी लागली. दुकानदाराने विचारलं, "भाकरी करता येती का मॅडम?" मी हो म्हणाले. पेइंग गेस्टच्या खोलीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात, तो डबा आहे. काकूंना वाटतं मला कसलं तरी व्रत आहे. साताऱ्याला मी सुट्टीच्या दिवशी सकाळी जाते आणि दुपारच्या एसटीने परत येते. आई म्हणते, एक रात्र राहा की. मी म्हणते, पुढच्या खेपेला.

आण्णांचा फोन मात्र रोज यायचा. बॅकअप संपायच्या सुमाराला, न चुकता.

"घेतला का?"

"घेतला."

"उघडून बघितला?"

"बघते आता."

"ठेव मग." बास, एवढंच. मागे कधी फवारणीच्या पंपाचा आवाज, कधी कुत्रं. ते मांडवाखाली उभे राहून घड्याळ बघत असणार हे मला इथून दिसायचं. माणूस घरी गेला होता, पण संध्याकाळी तेवढा वेळ पुन्हा जिन्याखालच्या केबिनमध्ये येऊन बसायचा. मी उगीचच "मला येतं" म्हणाले असं त्या फोननंतर वाटायचं. एकाऐवजी दोघं अडकलो होतो.

द्राक्षं उतरायच्या दिवसांत एका संध्याकाळी बॅकअप संपला आणि फोन वाजला नाही. मी थांबले. डिस्क गरम होती, ती थंड झाली. वॉचमन एकदा डोकावून गेला. वाईटसाईट मनात यायला लागलं, तेव्हा मीच फोन लावला. बऱ्याच वेळाने एका बाईंनी उचलला. मागे खूप माणसांचा गलका होता, क्रेट आपटल्याचे आवाज होते.

"आण्णा आहेत का?" मी विचारलं.

"हायत की, पार तिकडं बागंत हायत. माल चढवायचा चाललाय. फोन इसरून गेल्यात बघा घरात." मग त्या थांबल्या. "कोण, कुपवाडची पोर का? काय निरोप हाय?"

"नाही," मी म्हणाले. "काही नाही. राहू दे."

"हाक मारू का?"

"नको. नका मारू."

फोन ठेवून मी डिस्कवरची फाइल उघडली. परत येतंय का ते बघायला पाहिजेच. मांडव उघडला, हिरवा. त्याखाली त्या एकट्याच उभ्या आहेत, हातात कात्री, हाक ऐकल्यासारख्या बघत. शेजारची जागा रिकामी आहे. फोटो जुना आहे.